गांधी गेटखाली रेकॉर्ड झालेलं वाक्य

मी शाळेत विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये कोणी असले गूढ किस्से काढले की मी वह्या तपासायला घेते... म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

नागपूरच्या महाल भागाला पूर्वी परकोट होता. भिंत आता जवळजवळ दिसतच नाही, पण गांधी गेट — जुना जुम्मा दरवाजा — उभा आहे. ती भिंत कुठून कुठे जायची, याचा मुलांसाठी मी नकाशा काढला. दोन वर्षं गल्ल्या पालथ्या घातल्या. वंदना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. गोष्टी रंगवून ती सांगायची. रविवारी सकाळी आम्ही दोघी शाळकरी पोरांना तिथे फिरवायचो.

त्या रविवारी ती तापानं घरीच होती, तिकडे शहराबाहेर बेसाला. तिला ऐकवायला म्हणून मी अख्खी फेरी मोबाईलवर रेकॉर्ड केली. गेटखाली पोरांना विचारलं, दरवाजा बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्यानं काय करायचं? पोरं हसली. घरी ऐकताना त्या हसण्यामागून वंदनाचा आवाज आला... अगदी स्पष्ट.

"तिचं नाव नको टाकू गा. ती मले काही नाही म्हणत."

सोमवारी मी तिच्याकडे जाऊन ते ऐकवलं. तिनं फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "असंन कोणाचा तरी आवाज. तू काहून टेन्शन घेऊन राहिली वं?"

मी पटवून घेतलं. नकाशाची मूळ प्रतही तिच्याकडेच ठेवून आले. या फेरीची एक पुस्तिका आमच्या दोघींच्या नावानं छापायची होती, ते काम ती बघत होती.

महिन्याभरानं पुस्तिका आली. नकाशाखाली फक्त तिचं नाव. छापखान्यात गेले, तर डिझाइन करणारा शैलेश ओशाळला. मूळ प्रतीच्या कोपऱ्यात माझी सही बघून, हे नाव टाकायचं का, असं त्यानं वंदना मॅडमना विचारलं होतं — मी प्रत ठेवून आले त्याच आठवड्यात, गुरुवारी. त्या काय म्हणाल्या, ते त्यानं सांगितलं. शब्दन् शब्द तोच. मी त्याला रेकॉर्डिंगबद्दल काहीच बोलले नव्हते.

वंदनाला फोन केला. तिनं नाकारलं नाही. "निघून गेलं तोंडातून," इतकंच.

ती फाईल अजून फोनमध्ये आहे. गुरुवारचं वाक्य रविवारी कसं आलं, मला माहीत नाही. आणि सोमवारी माझ्या शेजारी बसून ते ऐकल्यावरही तिच्या तोंडून ते कसं निघालं... तेही नाही.