माझ्या हातची ओटी

ओटी भरायला मी नारळ पुढे केला, तर पाटलीणकाकूंनी माझं मनगटच धरलं. "तू राहू दे बाई. तू टीव्हीत लेकरं खातेस."

सीमेपलीकडच्या आमच्या जसोंडीतल्या निम्म्या केळीबागा ज्यांच्या, त्या पाटलांच्या सुनेचं डोहाळजेवण. टीव्हीवाली म्हणून मला मुद्दाम बोलावलेलं, फोटोसाठी. बायका हसल्या. मीही हसले, काय करणार? माझी माय त्यांच्याच बागेत मजुरी करते. ती कोपऱ्यात पत्रावळी उचलत होती. तिने मान वर केली नाही.

सिरियलीत मी डाकीण होते. हौस नव्हती मला. ऑडिशनला गोऱ्या पोरी सुना झाल्या. माझ्याकडे बघून डायरेक्टर म्हणाला, "इसको तो मेकअप भी कम लगेगा." दुसरं काम कोणी देत नव्हतं. घेतलं.

पुढच्या महिन्यात पाटलांच्या सुनेचं बाळ पोटातच गेलं. तिच्यासाठी जीव तुटला माझा. पण आमच्या उंबऱ्यावर लिंबू अन् बिबे पडले. मायचं काम बंद. मायला पाहिलं की शेजारीण पोरांना आत ओढून घेते.

मायचा फोन आला तशी मी मुंबईहून धावत आले. वाड्यावर गेले, तर पाटील बाजेवरून उठले नाहीत. "उद्या दोघी मायलेकी पारावर या. चूक झाली म्हणा. जी करणी केली ती काढून घ्या. बात खतम."

घरी मायने माझ्यापुढे हात जोडले. "म्हणून टाक ना बाई. तोंडच तर हालवायचं हाय. तुले तर सवय हाय."

सवय आहे, म्हणूनच भीती वाटते. मी जे बोलते ते लोकांना खरं वाटतं. उद्या कबूल केलं की परवा कोणाचं वासरू मेलं तरी लोक मायच्याच दारात येणार. तेव्हा मी मुंबईत असेन.

आणि सिरियलीचा शेवट गावाने पाहिलाय. गाववाले डाकिणीला झोपडीसकट जाळतात. आग खोटी होती. मी किंचाळले, युनिटने टाळ्या वाजवल्या. पारावर टीव्ही लावून पाहिलं म्हणे सगळ्यांनी. इथेही टाळ्या पडल्या.

दुपारीच पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीत पाटलांचं नाव लिहून दिलं. तक्रार लिहून घेणारा मुन्शी हळूच म्हणाला, "नाम काट दूँ? माँ को तो यहीं रहना है."

"राहू द्या," म्हटलं.

परत आले तर घरासमोर चार माणसं उभी होती. नुसती छपराकडे बघत होती. मी त्यांच्या मधूनच आत गेले.

उद्या पारावर मी जाणार, मायचा हात धरून. चूक झाली, हा डायलॉग मी बोलणार नाही. मायलाही बोलू देणार नाही.