कुस्कोतली कवळी

माझ्या मुलीने शाळेत मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, की माझी आई डेंटिस्ट आहे. मला हे पालकसभेत कळलं. तिच्या मैत्रिणीची आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "डॉक्टर, माझी अक्कलदाढ फार ठणकतेय हो, बघाल का?" मी मुलीकडे पाहिलं. ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती. "मी डॉक्टर नाही," मी त्या बाईंना म्हटलं, "मी दात बनवते." मी रागावले नाही, पण ते मनात राहिलं.

मी मूळची श्रीवर्धनकडची. वडील होड्या बांधायचे. लग्न झालं आणि कुवेतला आले. नवऱ्याचं फहाहीलच्या बाजारात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. मुंबईत घेतलेला डेंटल टेक्निशियनचा डिप्लोमा इथे कामाला आला आणि सलवातल्या एका क्लिनिकमध्ये मला नोकरी लागली. मागच्या बाजूच्या खोलीत बसून मी कॅप, ब्रिज आणि कवळ्या बनवते. पेशंट पुढे डॉक्टरांच्या खुर्चीत बसतो, त्याच्या तोंडाचं माप माझ्याकडे येतं, दात तयार झाले की ट्रेमधून पुढे जातात. पुढे कुणी खूश झालंच, तर शुक्रन, म्हणजे थँक्यू, डॉक्टरांना मिळतं. यात डॉक्टरांची काही चूक नाही. काम असंच चालतं.

मुलगी मोठी झाली, आर्किटेक्ट झाली, आणि जुन्या इमारती कशा जपायच्या ते शिकायला स्पेनला गेली. त्या अभ्यासासाठी तिला पेरूमधल्या कुस्को शहरात दोन महिने राहायचं होतं. तिचा फोन आला, "अम्मी, शेवटच्या वीकला तू ये ना. प्लीज. यू नेव्हर गो एनीव्हेअर."

खरंच होतं ते. आमचं जाणं म्हणजे कुवेतहून मुंबई आणि मुंबईहून गाव. नवरा म्हणाला, "जा गो तू. दुकान टाकून मला यायला जमणार नाही. तू तरी बघून ये." मग मी रजा टाकली.

तीन विमानं बदलून कुस्कोला पोचले आणि पहिला दिवस पलंगावर काढला. समुद्रापासून दोन पावलांवर जन्मलेली मी, पुढचं आयुष्यही कुवेतच्या सपाटीवर गेलेलं. अँडीज पर्वतातल्या त्या उंचीवर बाथरूमपर्यंत चालत गेले तरी धाप लागायची, आणि डोकं कुणी पट्टा आवळल्यासारखं दुखायचं. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या बाई दर दोन तासांनी कसल्याशा पानांचा गरम काढा आणून द्यायच्या आणि मी तो संपवेपर्यंत उभ्या राहायच्या. त्या रिटायर झालेल्या शाळामास्तरीण. सत्तरीच्या पुढच्या, बुटक्या, दोन वेण्या, पाठ एकदम ताठ. वरच्या दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने द्यायच्या. मी मनातल्या मनात त्यांना मास्तरीणबाई म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी मुलीने मला हळूहळू शहर दाखवलं. उतारावरच्या दगडी गल्ल्या, पांढरी घरं, निळ्या रंगाच्या लाकडी गॅलऱ्या, लाल कौलं. कौलं बघून मला गावाची आठवण आली. मोठ्या चौकात स्पॅनिश लोकांनी बांधलेली प्रचंड चर्चेस होती. मुलगी सांगत होती, की स्पॅनिश लोकांनी इथल्या इंका राजांचे वाडे आणि मंदिरं पाडली, पण खालच्या भिंती ठेवल्या आणि त्यांच्यावरच आपली घरं चढवली. भूकंप आले तेव्हा वरचं पडलं, खालचं हललं नाही.

एका गल्लीत ती भिंत मी जवळून पाहिली. माणसाएवढे मोठे दगड, एकाही दगडाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, आणि मध्ये चुना नाही की माती नाही. मी सांध्यावरून नख फिरवलं. कॅप नीट बसली की नाही ते आम्ही असंच बघतो. नख कुठेच अडकलं नाही.

"हे एका फेरीत बसलेलं नाही," मी म्हटलं. "दगड ठेवला असेल, काढला असेल, जिथे टेकला तेवढंच घासलं असेल, परत ठेवला असेल. कितीतरी वेळा."

मुलगी थांबली. "एक्झॅक्टली! आमचे प्रोफेसर हेच सांगतात. तुला कसं माहीत?"

"मी रोज तेच करते," मी म्हटलं. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं बोलणं तिने वहीत लिहिल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

शनिवारी सकाळी खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मास्तरीणबाईंचं ओरडणं. आम्ही धावत खाली गेलो. अंगणातल्या दगडी कुंडीशी त्या तोंडावर पदरासारखी शाल धरून उभ्या होत्या. कवळी धुताना हातातून निसटली होती. वरच्या कवळीचे मधोमध दोन तुकडे झाले होते आणि पुढचा एक दात कुठे उडाला ते सापडत नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलीने विचारपूस केली तेव्हा कळलं, की उद्या रविवारी त्यांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये सणाची प्रार्थना होती. तिथे बायकांचा एक गट क्वेचुआ या तिथल्या जुन्या भाषेत गाणी म्हणतो, आणि गेली कित्येक वर्षं सुरुवात मास्तरीणबाई करतात. त्यांचा दातांचा डॉक्टर सणासाठी गावी गेलेला. शालीआडून त्या म्हणाल्या, की आता दुसरीला सांगते, मी घरीच बसते.

"तुकडे बघू," मी म्हटलं.

त्यांनी मुलीकडे बघून काहीतरी विचारलं. ही कोण तुकडे मागणारी, असंच विचारलं असणार. मुलीने उत्तर दिलं. मला स्पॅनिश येत नाही, पण बोलताना तिने माझा हात धरून थोडा वर उचलला होता.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, माय मदर मेक्स टीथ." आणि मग थांबून, मराठीत, "आणि तिच्यासारखे कुणी बनवत नाही."

कवळीचे तुकडे हातात घेतले आणि एकमेकांना लावून पाहिले. तुटलेल्या कडा स्वच्छ होत्या. जुळत होत्या.

"होईल," मी म्हटलं. "पण मला लॅब पाहिजे."

मास्तरीणबाईंच्या ओळखीने दोन गल्ल्यांपलीकडे एक लॅब निघाली. तिथला टेक्निशियन पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, एप्रनवर प्लास्टरचे डाग. शनिवारचा अर्धा दिवस, तो शटर ओढायच्या बेतात होता. मुलीने सगळं समजावलं तसा त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ओढणी घेतलेली, धाप लागलेली एक परदेशी बाई. मग त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. आमच्या कामात डाव्या अंगठ्याला घासायच्या मशीनच्या टोकाचे बारीक ओरखडे असतात, ते जात नाहीत. त्याने स्वतःचा अंगठा पुढे केला. तसेच ओरखडे. शटर परत वर गेलं.

टेबलाशी बसले आणि माझी धाप थांबली. सगळं ओळखीचं होतं, कवळीच्या गुलाबी पावडरचा तोच डबा, ती कालवायच्या लिक्विडचा तोच उग्र वास. दोन्ही तुकडे मेणाने जोडले, आतल्या बाजूने प्लास्टर ओतून साचा घेतला, मग तुकडे सोडवून तुटलेल्या कडा घासून मध्ये जागा केली. हरवलेल्या दाताच्या जागी बसवायला त्याने खणातून एक दात काढून दिला. पांढराशुभ्र. मी मान हलवली. खणात बोट घालून शोधत राहिले आणि शेवटी थोडा पिवळसर एक निवडला. शेजारचा दात वर्षानुवर्षं खाऊन तिरका झिजला होता, म्हणून नव्या दाताची कडही तशीच तिरकी घासली. नाहीतर हसल्यावर तो एकटाच दिसला असता. टेक्निशियन चष्मा कपाळावर चढवून बघत होता.

मग तुकडे साच्यावर परत ठेवून सांध्यात पावडर आणि लिक्विड भरलं. कुवेतमध्ये ते बघता बघता घट्ट होतं. इथे थंडीत ते होईच ना. मी आणखी वाट बघणार, तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं आणि कुकरसारखं एक भांडं पुढे ठेवलं. मुलीने भाषांतर केलं, "तो म्हणतोय, इतक्या उंचीवर हवा पातळ असते, नुसतं ठेवलंत तर आत बुडबुडे राहतील. गरम पाणी आणि प्रेशर पाहिजेच."

माझ्याकडेही असं भांडं आहे, पण घाई असली की कधीकधी मी ते वापरायचं टाळते. इथे टाळलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं. मी त्याला हात जोडले. तो हसला आणि कॉफी करायला गेला.

वीस मिनिटांनी कवळी बाहेर निघाली. घासली, पॉलिश केली. सांधा कुठे होता ते मलाच नखाने शोधावं लागलं. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि एकच शब्द म्हणाला, "माएस्त्रा."

"तुला उस्ताद म्हणतोय," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला ती मोबाइलमध्ये बघत होती.

मास्तरीणबाईंनी कवळी बसवली, दात मिटले, उघडले. आरशासमोर ओठ फाकवून बघितलं. मग अंगणाच्या मध्ये उभ्या राहून गाण्याची एक ओळ म्हटली. दातांचं काम कसं झालंय हे कानाला कळतं. बसलं नसेल तर स म्हणताना शिट्टी वाजते. मी डोळे मिटून ऐकलं. एक स जरा सुटत होता. कवळी परत मागितली, पुढच्या दातांमागे किंचित घासली, पाण्याने धुऊन दिली. दुसऱ्यांदा त्यांनी तीच ओळ म्हटली आणि अंगण भरून गेलं.

रविवारी मी डोक्यावर ओढणी घेऊन चर्चच्या शेवटच्या बाकावर बसले. सोनेरी वेदी, मेणबत्त्या, फुलं. तशा जागी मी पहिल्यांदाच बसत होते. पुढे अकरा बायका उभ्या होत्या, आणि सुरुवात मास्तरीणबाईंनी केली. एकाही शब्दाचा अर्थ मला कळत नव्हता, पण प्रत्येक स मी ऐकत होते. एकही सुटला नाही. मुलीने माझा हात धरला होता. मला इतका अभिमान वाटत होता, की छाती दुखू लागली. ती उंचीमुळे दुखत नव्हती हे मला पक्कं माहीत होतं.

प्रार्थनेनंतर सगळ्या बायका मास्तरीणबाईंच्या अंगणात जेवायला आल्या. मक्याचं सूप, बटाटे, चीज. मला मधल्या खुर्चीत बसवलं. मास्तरीणबाईंनी उभं राहून सगळी हकीकत सांगितली, हातवाऱ्यांसकट. कवळी पडल्याची नक्कल करताना तर त्यांनी चमचाच खाली टाकला. शेवटी त्यांनी तोंड उघडून सगळ्यांना सांधा शोधायला लावला. कुणालाच सापडला नाही.

मग एक बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि तिने तोंड उघडलं. तिच्या मागे दुसरी उभी राहिली. त्यांच्या मागे आणखी तिघी.

"अम्मी, यांना डॉक्टरकडे पाठवू का?" मुलीने विचारलं.

"ज्यांचे दात दुखतायत त्यांना डॉक्टरकडेच पाठवायचं. ज्यांच्या कवळ्या आहेत त्यांना इथे बसव."

तिने तशी रांग लावली. कुणाची खालची कवळी घसरत होती, कुणी रात्रीही ती काढत नव्हती, कुणी ती कपड्याच्या साबणाने धुवत होती. मी सांगायची आणि मुलगी स्पॅनिशमध्ये समजावायची. तिसऱ्या बाईपर्यंत माझी वाक्यं तिला पाठ झाली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच सांगू लागली, की रात्री काढून पाण्यात ठेवायची, ब्रश मऊ घ्यायचा, गरम पाणी नको.

चौथ्या बाईंच्या कवळीला टाळूवर बारीक तडा होता. आज नाही तर उद्या ती मोडणारच होती. माझं विमान सोमवारी दुपारचं होतं. मुलीने घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"लॅब नऊला उघडते," ती म्हणाली. "आपण पावणेनऊला जाऊ. बॅगा मी आत्ताच भरून ठेवते."