रविवारचे इवाई

"बाबा, पप्पा गेले," पल्लवी फोनवर म्हणाली आणि मी तिला विचारलं, "केव्हा निघाले? मी स्टँडवरच उभा आहो."

मला खरंच तेवढंच कळलं होतं. फोन प्रभाकररावांच्याच नंबरवरून आलेला. वीस मिनिटांपूर्वी याच नंबरवरून ते स्वतः बोलले होते, "शेठजी, पोहोचले का? थांबा तिथंच. बूट घालतो अन् येतो. चहा मी आल्यावर घेऊ." म्हणून मी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीकडे पाठ करून उभा होतो. मग पल्लवी म्हणाली, "निघाले नाही, बाबा... गेले." तरीही मी "बरं, बरं" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. पाच आठवडे झाले, त्या "बरं, बरं"ची मला अजून लाज वाटते. कानांनी ऐकलेलं डोक्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, ते त्या सकाळी कळलं. ऑटोवाल्यानं कुठं जायचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "रायफलच्या क्लासला." अर्ध्या रस्त्यात त्याला परत फिरवलं.

प्रभाकरराव माझ्या मुलीचे, पल्लवीचे सासरे; ती त्यांना पप्पा म्हणायची. आमच्या झाडीपट्टीत व्याह्याला इवाई म्हणतात. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, चौसष्ट वर्षांचे, अंगानं सडसडीत. साधी सर्दीसुद्धा त्यांना झालेली मी पाहिली नव्हती. मी तुमसरचा, धान-तांदळाचा व्यापारी. गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही दोघं भंडाऱ्यात एअर रायफलचा सराव करायचो आणि महिन्यातून एकदा सराव संपला की बसनं नागपूरला जाऊन, जिथं बिअर तिथल्या तिथं बनवतात अशा एखाद्या ठिकाणी दुपारी दोन ग्लास घेऊन परत यायचो. दोन इवाई, साठी उलटलेले, पोरांच्या क्लासात बंदूक शिकतात, हे ऐकून लोक हसायचे. आम्हीही हसायचो.

ऑटो 'खात रोड'वरच्या त्यांच्या घरासमोर थांबला. मी फाटक उघडलं, तीन पायऱ्या चढलो आणि आत गेलो. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. माझ्या मुलीच्या लग्नाला साडेचार वर्षं झाली होती.

ते खाली सतरंजीवर निजलेले. उजव्या पायात बूट होता, नाडी बांधलेली. डावा बूट खुर्चीखाली. डॉक्टर येऊन गेले होते, हृदय जागच्या जागी थांबलं म्हणाले. माझा जावई निखिल वडिलांच्या पायाशी बसून तो बूट काढायचा प्रयत्न करत होता, पण त्यांनी नाडीला दुहेरी गाठ मारली होती. "सुटून नाही राहिली," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. मी खाली बसलो. पोत्यांच्या गाठी सोडण्यात आयुष्य गेलं माझं, ती गाठ लगेच सुटली. बूट काढला तेव्हा पाय अजून कोमट होता. मला वाटलं, हे आता उठतील आणि म्हणतील, काय करून राहिले जी, शेठजी?

आता मी त्या घरात तोवर का गेलो नव्हतो, ते सांगायला हवं. पल्लवी आणि निखिल नागपुरात एकाच ऑफिसात होते. तिनं घरी सांगितलं तेव्हा मी पहिलं नाव ऐकलं, मग आडनाव, आणि पुढचं ऐकलंच नाही. निखिलचं घर बौद्ध. मी माझ्या मुलीला, जिला मी खांद्यावर बसवून माडगीच्या जत्रेत फिरवलं, तिला म्हणालो, "कर लग्न. पण त्या घरची पायरी मी चढणार नाही." लग्न झालं, तिची आई लग्नाला गेली. मी दुकान उघडं ठेवलं आणि दिवसभर तांदूळ विकला. नंतर दोन-अडीच वर्षं मुलीची खुशाली मला बायकोकडून कळत राहिली.

मग एका दुपारी एक उंच गृहस्थ दुकानात आले. कनकीच्या पोत्यात हात घातला, तांदळाचा तो तुकडा तळहातावर घेऊन नाकाशी नेला आणि विचारलं, "हे कोणत्या धानाची जी?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मी पल्लवीचा सासरा." मी बसा म्हणालो नाही. ते स्वतःच एका पोत्यावर बसले. लग्नाचा विषय नाही, रुसव्याचा नाही. म्हणाले, "नागपूरले एका ठिकाणी बिअर बनवते. तिथला पोरगा सांगे, ते लोक त्याच्यात कनकी टाकते. मले काही खरं वाटलं नाही. मंग म्हटलं, आपल्या घरात तांदळाचं माणूस आहे, त्यालेच विचारावं."

आपल्या घरात, असं म्हणाले ते. मी त्यांना कनकीबद्दल काय सांगितलं ते आठवत नाही, पण पंधरा-वीस मिनिटं बोलत होतो. उठताना म्हणाले, "रविवारी मी रायफल चालवाले जातो. सोबतीले कोणी नाही. येजा कधी. तिथं बोलावं लागत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं की विचार करून, मला कधीच कळलं नाही. पण मी गेलो त्या एका वाक्यामुळंच.

क्लास म्हणजे एका मंगल कार्यालयामागची लांबट शेड. सहा जणांना उभं राहता येईल एवढी जागा, समोर दहा मीटरवर कागदी टार्गेट. शिकवणाऱ्या मॅडम तिशीच्या. बाकी सगळी शाळा-कॉलेजची मुलं, त्यात आम्ही दोघं. पहिल्या दिवशी माझे छर्रे कागदालाच लागले नाहीत, मागच्या पत्र्यावर टणटण वाजत राहिले. सराव संपल्यावर शेजारच्या जागेवरचे प्रभाकरराव म्हणाले, "तुम्ही दाबता ना शेठजी, तवा डोळे मिटता. काहून भेता? गोळी तिकडं जाते, तुमच्याकडं नाही येत." त्यांचं स्वतःचं नेमबाजीचं वेड निवृत्तीनंतरचं. आयुष्यभर कालव्यांच्या पातळ्या मोजायला दुर्बिणीतून बघत आले, त्यामुळं एक डोळा मिटून दुसरा स्थिर ठेवणं त्यांना जड गेलं नाही. स्पर्धेबिर्धेला ते कधी गेले नाहीत. चांगला नेम लागला तर कागद घडी करून खिशात ठेवायचे, वाईट लागला तरी तसाच ठेवायचे.

तिथं खरंच बोलावं लागत नसे. एका माणसाची माफी मागायची आहे आणि तोंडातून शब्द फुटत नाही, अशा माणसासाठी त्याहून चांगली जागा मी पाहिली नाही. दोन तास आम्ही एकमेकांपासून दोन हातांवर उभे, दोघांची तोंडं भिंतीकडं. चार-पाच रविवारांनंतर मी घरी बायकोला म्हणालो, "पल्लवीला सांग, ये म्हणावं." ती येऊन गेली. मी तिच्याशी पावसापाण्याचं बोललो. ती रडली, मीही नंतर दुकानात जाऊन...

बोलणं व्हायचं ते नागपूरला. पहिल्यांदा त्या बिअर बनवणाऱ्या ठिकाणी शिरलो आणि मी दारातच थांबलो. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये धान उकडताना येतो ना, अगदी त्याच जातीचा वास. मला वाटलं होतं दारूचं ठिकाण असेल. तिथं काचेपलीकडं मोठमोठी चकचकीत पिंपं आणि एक एप्रन घातलेला तरुण धान्य ढवळतोय. प्रभाकररावांनी त्याला हाक मारली, "ओ भाऊ, हे आमचे इवाई. तांदळातले मास्तर आहेत." त्या तरुणानं मला ओंजळभर कनकी आणून दाखवली. मी म्हणालो, हा माल जुना आहे, वास घे. त्यानं घेतला आणि मान डोलावली. पुढच्या खेपेला त्यानं ताज्या कनकीची बिअर आमच्यासमोर ठेवली, हलकी, जराशी गोडसर. प्रभाकररावांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाले, "पेजीसारखी आहे."

पेजेवरून त्यांना त्यांचं गाव आठवलं. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. त्यांची आई तिथं धानाच्या कापणीला जायची आणि मजुरीबरोबर पेज मिळायची... पण ती वरून वाढत, ओंजळीत, भांड्याला तिचा हात लागू न देता. ते हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हते, ग्लासकडं बघत होते. आवाजात राग नव्हता. आमच्या दोघांच्या मधे खाऱ्या दाण्यांची एकच बशी होती आणि आम्ही दोघंही तिच्यातून खात होतो. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "अजून एकेक सांगू का?"

बस आम्हाला भंडाऱ्याला सोडायची तेव्हा अजून ऊन असायचं. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत जायचो आणि तिथून तुमसरच्या बससाठी मागं फिरायचो. दर वेळी ते म्हणायचे, "या ना जी, चहा घेऊन जाजा." दर वेळी माझ्याकडं काहीतरी असायचं. बस चुकेल, दुकानात माल उतरणार आहे, बायकोला बरं नाही. दोन वर्षं. त्यांनी दुसऱ्यांदा कधी आग्रह केला नाही आणि पहिल्यांदा विचारायचं कधी सोडलं नाही. नागपुरात त्यांच्या बशीतले दाणे मी खाल्ले, कारण तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. भंडाऱ्यात माझी अर्धी गिऱ्हाइकं राहतात. एवढंच होतं ते. आता लिहिताना किती लहान दिसतं.

ते गेले त्याच्या आधीच्या रविवारी फाटकाशी म्हणाले, "आज तुमच्या पोरीनं वडीचा रस्सा केला आहे." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी नक्की." आणि त्या रविवारी मी खरंच एका पिशवीत दोन किलो नवा चिनोर तांदूळ घेऊन निघालो होतो, त्यांच्या घरी द्यायला. यावेळी आत गेलो असतो का? मला वाटतं गेलो असतो. पण तसं मला या आधीही वाटलं होतं. पिशवी स्टँडच्या बाकड्यावर राहून गेली, ते मला तिसऱ्या दिवशी आठवलं.

अंत्ययात्रेला निघताना निखिलनं मला पुढं बोलावलं. मी मागं, भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या समाजाचे दोघं-तिघं आले होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदा दिला. रस्ता आठवत नाही, फक्त वजन आठवतं. तेवढ्या सडपातळ माणसाचं इतकं वजन कसं, हे मला समजेना. वैनगंगेच्या काठावर वंदना म्हणत होते, मला शब्द येत नव्हते, मी ओठ हलवत राहिलो. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "आज सराव झाला नाही."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, निखिल कामावर रुजू झाला. मी क्लासला एकदा जाऊन आलो. रायफल उचलली, खाली ठेवली, मॅडमना नमस्कार केला आणि परत आलो. प्रभाकररावांना सांगायची राहिलेली गोष्ट मी पल्लवीला सांगितली, सगळी, ओंजळीतल्या पेजेसकट. ती म्हणाली, "पप्पांना माहीत होतं, बाबा." मी म्हणालो, काय माहीत होतं? "तुम्ही का येत नाही ते. इथल्या आई चिडायच्या. पप्पा म्हणायचे, तो माणूस फाटकापर्यंत येऊन राहिला ना, मंग बस." याचा मला आधार वाटायला हवा होता. मला धक्काच बसला. दोन वर्षं मी समजत होतो की माझी निमित्तं त्यांना खरी वाटतात.

मागच्या रविवारी मी त्यांच्या घरी जेवायला गेलो. आता जातो. समोरच्या दाराजवळ एक उंच स्टूल होतं, त्यावर बसलो. पल्लवी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. माझ्या विहीणबाई, लताबाई, झोपण्याच्या खोलीतून हातात घड्या केलेले कपडे घेऊन आल्या आणि बैठकीच्या उंबऱ्यावर थांबल्या. आत येईनात. नुसत्या माझ्याकडं बघत उभ्या. मला कळेना, माझं काही चुकलं का. मी उठायला लागलो तर पल्लवी आतून म्हणाली, "बसा बाबा. 'या' म्हणा त्यांना."

मग तिनं सांगितलं. घरात दहा मीटर सरळ जागा एकच होती, या स्टुलापासून बैठकीतून, स्वयंपाकघरातून थेट मागच्या भिंतीपर्यंत. प्रभाकरराव रोज सकाळी तासभर इथं उभे राहून नेम धरायचे, छर्ऱ्याविना, रिकाम्या रायफलनं. भिंतीवर, डब्यांच्या फळीखाली, काळा ठिपका चिकटवलेला मला आता दिसला. रिकामी असली तरी नळीसमोरून कुणी जायचं नाही, हा त्यांचा नियम. ज्याला ओलांडायचं त्यानं उंबऱ्यावर थांबायचं. ते रायफल खाली करायचे, "या" म्हणायचे, मग पाऊल टाकायचं. सहा वर्षं हे घर असंच चाललं. रायफल निखिलनं कपाटात ठेवून दिली आहे. तरी सगळे थांबतात. निखिल थांबतो, पल्लवी हातात गरम भांडं असलं तरी थांबते, मग स्वतःशीच मान हलवून पुढं जाते. "आईंचंच होत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या थांबल्या की थांबूनच राहतात. मग आमच्यापैकी कुणीतरी म्हणतं."

लताबाई अजून उंबऱ्यावरच होत्या. कपड्यांची चळत छातीशी धरलेली. मी भिंतीवरच्या ठिपक्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"या, विहीणबाई," मी म्हणालो.

त्यांनी पाऊल आत टाकलं.