बिड्यांची होळी

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय हो, पण नारळ फोडून केलेला हा एकच! चहा घ्या, सांगतो.

दारू सोडायला मी कामण गावाच्या पुढे एका व्यसनमुक्ती केंद्रात होतो. दारू सुटली, बिडी राहिली. तिथे सगळ्यांचं एकच रडगाणं, "दारू सोडली ना? मग बिडी तरी राहू द्या की!" पण केंद्र चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बिडीही सोडा. दारूपासून लांब राहायला मदतच होईल." मला पटलं. माझा बाप खोकून खोकून गेला होता. शिवाय रविवारी बायको भेटायला येणार होती. तिला छाती फुगवून सांगायचं होतं, "बिडीविना पंधरा दिवस!"

रोज सकाळी उभं राहून आपला कितवा दिवस ते सांगायची तिथली पद्धत. शनिवारी मी "चौदावा" म्हटलं आणि माझ्या अंगातच आलं! असं भाषण ठोकलं की उशीखालची, पावडरच्या डब्यातली, एकाची तर देवाच्या फोटोमागची बंडलं बाहेर आली. टोपलं भरलं.

"पान्यात टाक," जनूकाका म्हणाले. आमच्यातलेच एक, जूचंद्र गावचे, मिठागरात उभी हयात गेलेले.

"छे! होळी करायची!"

"अरं पन वारा बघ..."

ऐकतो कोण? अंगणात टोपलं उपडं केलं, नारळ फोडला, काडी लावली. वारा फिरला आणि धुराचा लोट थेट आमच्याकडे!

पळालं का कोणी? उलट मागचे पुढे सरकले! तीसच्या तीस जण डोळे मिटून, श्वास ओढत उभे. ध्यानाच्या तासाला एवढी शांतता कधी नव्हती.

"काय चाललंय?" मागून मॅडम.

"होळी, मॅडम. बिड्यांची."

"ते दिसतंय. पण तुम्ही एवढे वाकून काय करताय?"

बघतो तर काय, मी गुडघ्यांवर आणि नाक जळत्या ढिगापाशी!

"मॅडम," जनूकाका म्हणाले, "यानं एकट्यानं दोन बंडलं संपवली."

रविवारी सकाळी "पंधरावा" म्हणालो असतो तर कोणी अडवणार नव्हतं. पण लाज वाटली. उभा राहिलो, म्हटलं, "आज पहिला दिवस." माझ्यामागे एकेक जण उठला, "पहिला", "पहिला", "पहिला". तेव्हापासूनची माझी मोजणी आजवर तुटलेली नाही, आणि तुटू देणारही नाही.

दुपारी बायको आली. जवळ बसली आणि माझा शर्ट हुंगला.

"अहो, ओढलीत ना एखादी?"

"एखादी नाही गं," मी म्हटलं, "सगळ्यांच्या."