मावशींना कचऱ्यात दिसलेलं

कोणाच्याही घरात पाऊल न टाकता मावशींना आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात काय चाललंय ते कळायचं. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा कचरा त्या हातानं निवडायच्या. कोणाच्या डब्यात औषधांची पाकिटं वाढली की जिन्यात थांबवून विचारायच्या, "आजी बऱ्या आहेत ना?"

ओला-सुका एकत्र दिला की पदवीधरांनाही झापायच्या. "शिकलेत ना? मग केळ्याची साल पुठ्ठ्यात कशाला?" मोहन्याच्या चाळीतून येणारी बाई आम्हाला शिस्त लावते, याचं आम्हाला हसू यायचं.

एका सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. बायको कामावर गेलेली. मावशींनी पिशवीतून डिओचे रिकामे कॅन काढून माझ्यापुढे ठेवले. "साहेब, एका आठवड्यात पाच. सगळे तुमच्याकडचे." मी म्हटलं, आमचा ओंकार नववीत आहे, नटायचं वय आहे. आम्ही दोघं त्याला चिडवायचोसुद्धा, कुणासाठी रे एवढा घमघमाट? मावशी हसल्या नाहीत.

"घमघमाट कुठाय? जिन्यात भेटतो तेव्हा पोराला घामाचाच वास येतो. हे अंगाला नाही, नाकाला चाललंय. आमच्या चाळीत पंक्चरच्या सोल्युशनपायी गेलेलं पोर बघितलंय मी."

"आमचं घर म्हणजे तुमची चाळ नाही," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण माझा माज बघा. त्याच आठवड्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार केली, बाई लोकांचा कचरा उचकते. कचरा निवडणं हेच तिचं काम आहे, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. मावशींना काढून टाकलं.

तीन आठवड्यांनी ओंकार बाथरूममध्ये कोसळला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, डिओचा गॅस हुंगल्यानं हृदय एकाएकी थांबतं, कधी कधी पहिल्याच वेळी. कॅनवर इशारा छापलेला असतो, मुंगीएवढ्या अक्षरांत. छापणाऱ्यांचा संताप येतो, शाळकरी पोराला पाच-पाच कॅन विकणाऱ्याचा येतो. पण त्यांना काय बोलू? मला तर कोणीतरी दारात येऊन सांगितलं होतं.

पुढे मी मोहन्याला मावशींचं घर शोधत गेलो. माफीचा शब्द काढायच्या आत त्यांनीच विचारलं, "पोरगा कसा आहे?" ऐकल्यावर त्या उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं. बाईंना सांगायला हवं होतं. आईनं ऐकलं असतं."

बायको अजूनही म्हणते, "आपल्याला कोणीतरी आधी सांगितलं असतं तर?" आणि मी, नालायक माणूस, मान डोलावतो.