केळीचं झबलं

न्हाय मास्तर, तुझं चुकतंय! म्हणं, "मामा, बाजार खुला झाला की देश वाढतो. ज्याला जमतं त्यो टिकतो, न्हाय जमत त्यो दुसरं पीक करतो." दुसरं पीक करतो! सदरा बदलल्यागत सांगतोय. केळ हाताला यायला वरीस जातं, आन तुझा बाजार एका सकाळी फिरतो!

मास्तर म्हंजी माझा भाचा. पुण्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. आज सकाळी फोनवर यवढं बोलला आन लेक्चर हाय म्हणून ठेवला. म्हणून त्याचं उत्तर तुमी ऐका. दत्तू, तू बी ऐक. खाली मान घालून चहा ढवळत बसू नगंस.

उजनीच्या कडंला आमचा सात जणांचा केळीचा गट. माल भिगवणजवळच्या पॅकहाऊसात भरायचा आन आखातात धाडायचा. त्यातनं किस्से काय कमी न्हाईत. घडाची एक फणी सुटली की खालची सुटती, तसं एकाखाली एक.

*

पैला ह्या दत्तूच्या बापाचा, म्हंजी आमच्या तात्यांचा.

परदेशी माल लागतो बिनडागी. म्हणून घडाला पिशवी घालायची, फण्यांच्या मधी मऊ फोमचा कागद सरकवायचा. पैल्या साली तात्या बांधावर हुभं राहून बघत व्हतं. घटकाभर बघितलं आन म्हणालं, "ह्यो दत्तू चार वर्साचा हुईस्तवर उघडा हिंडला. आन केळीला झबलं घालताय व्हय रं?"

त्या दिवसापासनं तात्यांनी त्या केळीत पाय ठेवला न्हाय! "परक्याच्या तोंडाकडं बघून शेती करायची न्हाय," ह्ये त्यांचं ठरल्यालं.

*

पैला कंटेनर भरला तवा पॅकहाऊसच्या सुनंदाकाकींनी नारळ फोडला आन पैल्या खोक्यातल्या फणीला हळद-कुंकू लावलं. पॅकिंगच्या बायांची मुकादम ती, तिला कोण अडवणार?

खोकं पोचलं, आन तिकडनं फोटू आला. फळावर लाल-पिवळी पावडर सापडलीय, कुठलं औषध हाय कळवा, तवर कंटेनर सोडणार न्हाय! एक्सपोर्टरचा सायेब घामाघूम. काकीवर वरडला.

काकी म्हणाली, "पैल्यांदा लांब निघालंय, कुंकू नगं? माझी लेक बी कुंकू लावूनच धाडली. तिच्या सासरच्यांनी न्हाय इचारलं, औषध कुठलं!"

सुटला कंटेनर, पण चार दिसांनी. आता कुंकू टायरला लावत्यात. टायर कोण खात न्हाय.

*

एकदा तिकडचा व्यापारी बागा बघाय आला. हिंडून हिंडून दमला आन म्हणाला, "तुमचं एक केळ खायला द्या."

आली का पंचाईत! माल जातो हिरवा कच्चा. सात जणांच्या सात बागा, पर पिकल्यालं केळ एकाच्या घरात न्हाय! दत्तूला मोटारसायकलवर भिगवणला पिटाळला. स्टँडवरच्या गाड्यावरनं त्यानं डझनभर आणली. पाव्हणा खूश. "अशी गोडी कुठं खाल्ली न्हाय," म्हणाला. आमी बी माना हलवल्या.

पाव्हणा गेल्यावर दत्तूनं गाडेवाल्याला इचारलं, माल कुठला? गाडेवाला म्हणाला, "तुमचाच की! डाग हाय म्हणून पॅकहाऊसनं टाकल्याला!"

*

मधी तात्यांना बारामतीला दवाखान्यात ठेवलं व्हतं. बघाय येणाऱ्या दर माणसाच्या हातात सफरचंद. त्येबी स्टिकर लावल्यालं, परदेशातलं. केळी कुणीच आणली न्हाईत, अगदी गटातल्यांनी सुदिक. म्या बी सफरचंदच नेली व्हती, खोटं कशाला बोलू?

तात्यांनी एक उचललं, स्टिकर बघितलं आन म्हणालं, "तितलं हितं आन हितलं तितं! यवढी वझी कशाला वाहताय? माणसंच हिकडची तिकडं न्हेऊन बसवा की!"

डॉक्टर हसला. त्याच्या टेबलावर बी सफरचंदच व्हतं.

*

पर मास्तर, तुझं एक खरं. बाजार खुला झाला म्हणून पॅकहाऊस आलं. गावच्या चाळीस बायांना बारमाही काम लागलं. सुनंदाकाकी स्कूटीवर येती. पोरी कॉलेजात जात्यात. ह्ये उसानं केलं नव्हतं.

पर रानात खुरपायला बाई मिळंना! मग काय, घरच्या बायकूला म्हणालो, चल. चार दिस खुरपलं तिनं. पाचव्या दिशी खुरपं माझ्या हातात दिलं आन म्हणाली, "सायबाला सांगून मला बी पॅकहाऊसात लावा. तितं पंखा हाय!"

गेली बी! आता दोन वर्सं झाली, म्याच खुरपतोय.

*

ह्या साली तिकडं समुद्रावर कुणाकुणाचं बिनसलं आन जहाजं अडली. भाव पडला. आमी हितं भांडलो न्हाय, काय न्हाय, तरी आमचाच माल पडून. मास्तर म्हणतो, बाजार सावरंल. सावरंल रं! पर तवर झाडाला काय सांगू, दम धर म्हणून?

आन ह्यो दत्तू. ह्याची केळी नुकती निसवलीय, घड खाली लोंबाय लागल्यात. कापणीला अजून अडीच महिने हाईत. गटात कुणाला इचारलं न्हाय. आज सकाळी ट्रॅक्टर बोलावला, हुभ्या केळीत रोटर मारून, समदी मातीत मिसळून, ऊस लावायचा म्हणून. आन सोता हितं हाटेलात येऊन बसलाय, कारण बघवत न्हाय.

दत्तू, म्या तुझ्या रानातनंच आलोय.

ट्रॅक्टर बांधावर हुभा हाय, बंद. ड्रायव्हर खाली बसून तंबाखू मळतोय. म्या इचारलं, "काय रं, का थांबलास?" त्यानं नुसतं आत बोट दावलं.

आत तात्या. घरातलं स्टूल आणलंय. त्यावर चढून घडाला पिशवी घालत्यात. फण्यांच्या मधी एकेक कागद सरकवत्यात.

म्या म्हणालो, "तात्या, आवो ह्ये काय?"

मागं वळून बी बघितलं न्हाय. म्हणालं, "झबली घालायची राहिल्यात. तेवढी झाली की मार म्हणावं रोटर."

म्या निघालो तवा तिसऱ्या झाडाला लागलं व्हतं. हाईत चार हजार.

दत्तू, ठिव त्यो कप. ऊठ. ट्रॅक्टर माघारी धाड, आन जाताना घरातनं दुसरं स्टूल घिऊन जा.