निळी फीत

परवा ट्रंकेच्या तळाशी निळी फीत सापडली आणि पन्नासेक वर्षांपूर्वीचं अंधेरीतलं मैदान डोळ्यांपुढे आलं. कोरियाहून वर्षभरासाठी आमच्या कॉलेजात शिकायला आलेल्या किमनं ती माझ्या कपाळाला बांधली होती. शेजारच्या कॉलेजशी कबड्डीचा अंतिम सामना होता. त्यांच्या संघात माझ्याच गावचा बबन होता. आमच्या दोघांच्या घरांत त्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

आम्ही एका गुणानं हरलो. धुळीनं माखलेला बबन हसत आला. "काय रे, रुसलास? चल, चहा पाज."

मी तोंड फिरवलं.

किम गोंधळला. "आमच्याकडे मॅच संपली की दोन्ही कॉलेजं एकत्र गातात," तो मोडक्या मराठीत म्हणाला आणि बबनच्या खांद्यावर हात टाकून आपल्या भाषेत गाऊ लागला. बबननं दुसरा हात माझ्यासाठी पसरून ठेवला होता. मी गेलो नाही.

महिनाभरात बबन काविळीनं गेला. गावी त्याच्या आईनं विचारलं, "बबन शेवटचो भेटलो तेव्हा काय म्हणालो रे?"

"चहा पाज म्हणाला."

"मगे पाजलंस मा?"

मी हो म्हणालो.